इकडे बघू नका

आमच्या ह्यांचं नाव शेखर. मी ते घेत नाही असं नाही, रागावले की घेते. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये ह्यांनी चौतीस वर्षं टपाल तिकिटांचे ताव तपासले. ताव समोर यायचा, हे तो वरून खाली बघायचे, एखाद्या तिकिटाला रंग कमी लागलेला असला किंवा छिद्रांची ओळ सरकलेली असली की ताव बाद. शंभरातलं एक तिकीट चुकलं तरी अख्खा ताव बाद. अशा कामाचा घरावर परिणाम होतोच. एक पोळी करपली की हे सगळ्या डब्याकडे संशयाने बघायचे. आमची तृप्ती दहावीला ब्याण्णव टक्के घेऊन आली, तेव्हा ह्यांनी आधी विचारलं, आठ कुठे गेले. हे मी कौतुकाने सांगत नाही.

निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, डॉक्टरला गुडघे दाखवायला जातात. ह्यांनी कॅमेरा घेतला. कशाचे फोटो काढणार, असं मी विचारलं. म्हणाले, "ग्रामीण जनजीवनाचे." हा शब्द लग्नानंतर मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते, त्यामुळे जरा घाबरले.

तेही फक्त हिवाळ्यात. हिवाळ्यात म्हणे उजेड तिरपा येतो, सकाळी धुकं असतं आणि धूर जमिनीला धरून राहतो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते आणि उन्हाळ्यात ह्यांना घामोळं. म्हणून दिवाळी संपली की होळीपर्यंत दर गुरुवारी हे पहाटे उठायचे, कानटोपी घालायचे, नाशिकहून पेठची बस पकडायचे, पेठहून जीप, आणि जीप जिथे सोडते तिथून तीन किलोमीटर चालत मोहपाड्याला. प्रेसमधल्या एका सहकाऱ्याच्या घरच्या लग्नाला म्हणून हे तिकडे एकदा गेले होते, तेव्हा तिथला उजेड ह्यांना पसंत पडला होता.

मोहपाडा म्हणजे पंचवीस-तीस घरं. भात, नागली, वरई. दिवाळीनंतर हातीपायी धड असलेली सगळी माणसं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला जातात आणि मागे राहतात म्हातारी माणसं, गुरं आणि कोंबड्या. ह्यांना तेच हवं होतं. "तरुण माणूस फोटोत आला की हातातला मोबाईल दिसतो," असं ह्यांचं म्हणणं.

पाड्यावर शिरताना पहिलं घर बुधाभाऊंचं. ते आणि त्यांची बायको चिमणाबाई, दोघंच. मुलगा राजू बागांवर, होळीला घरी. बुधाभाऊंना वय विचारलं की ते समोरच्याला त्याचं वय विचारायचे आणि मग म्हणायचे, "तेवढंच धरा." आपसात ती दोघं त्यांच्या आदिवासी कोकणी बोलीत बोलायची, मला निम्मं कळायचं, आमच्याशी बोलताना आमच्यासारखं बोलायची. हे पहिल्या गुरुवारी त्यांच्या अंगणात चहा प्यायले आणि तेव्हापासून दर गुरुवारी तिथेच टेकायला लागले. त्यामुळे ह्यांच्या फोटोंत सगळ्यात जास्त कोण असेल तर बुधाभाऊ. निदान आमचा तसा समज होता.

तिसऱ्या हिवाळ्यात संक्रांतीच्या आधी मी तिळाचे लाडू घेऊन ह्यांच्याबरोबर गेले. आम्ही लांबून येताना दिसलो तसे बुधाभाऊ घरात गेले. बाहेर आले ते धुतलेला सदरा घालून, केसांना पाणी लावून, टोपी सरळ करून. अंगणाच्या मधोमध उभे राहिले. हात मांड्यांना चिकटलेले, नजर थेट कॅमेऱ्यावर. शाळेत झेंड्याला उभे राहतात तसे. मला ते फार छान दिसले.

ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, एकदा खट् असा आवाज आला, मग कॅमेरा खाली घेतला.

"बुधाभाऊ, इकडे बघू नका. तुमचं काम करा."

"काम झालं ना सकाळीच," बुधाभाऊ म्हणाले.

"मग परत करा."

बुधाभाऊंनी टोपी काढून खुंटीला लावली, सदऱ्यावर जुनी चादर लपेटली आणि झोडून झालेली भाताची पेंढी उचलून पुन्हा फळीवर आपटायला लागले. त्यातून एक दाणा पडत नव्हता. हे त्यांच्याभोवती फिरून, गुडघ्यावर बसून, चुलीआडून फोटो काढत होते. चिमणाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "साहेबांनी कधी भात पाह्यला नाय का?"

"खाल्लेला आहे," मी म्हणाले.

दर गुरुवारी हेच. बुधाभाऊ समोर बघायचे, हे "इकडे बघू नका" म्हणायचे, मग बुधाभाऊ गुरं सोडायचे, शेकोटीत फुंकर घालायचे, सोडलेली गुरं परत बांधायचे. मी एकदा म्हणाले, त्यांना एवढी हौस आहे तर काढा ना एक समोरून. हे म्हणाले, "तो स्टुडिओतला फोटो झाला. नैसर्गिक पाहिजे." झोडलेलं भात पुन्हा झोडणं ह्यांना नैसर्गिक वाटत होतं, त्यावर मी काय बोलणार.

सहाव्या वर्षी नाशिकला एका हॉलमध्ये ह्यांनी प्रदर्शन भरवलं. चाळीस फोटो. लोक आले, मान तिरकी करून उभे राहिले, "किती सहज आहे," म्हणाले. बुधाभाऊ आणि चिमणाबाईही बसने आले होते. बुधाभाऊंनी एकेक फोटो पाहिला, चाळीसच्या चाळीस, आणि ह्यांच्याजवळ येऊन विचारलं, "मी कुठं हाय?"

हे त्यांना एका मोठ्या फोटोसमोर घेऊन गेले. धुकं, बैल, बैलापलीकडे वाकलेली एक पाठ. "हे तुम्ही." बुधाभाऊ फोटोच्या अगदी जवळ गेले. मग म्हणाले, "बैल बरा आलाय."

गेल्या पौषात थंडी वाईट पडली. बुधवारी संध्याकाळी राजूचा फोन आला. त्याचे बाबा मंगळवारी पहाटे गेले होते. छातीत कफ भरला, दोन दिवस अंथरुणावर होते, पेठला न्यायचं ठरेपर्यंत संपलं. राजू पुढे म्हणाला, बाराव्याला ठेवायला फोटो नाही. आधार कार्डावरचा पेठच्या एका स्टुडिओत मोठा करून आणला, तर आई म्हणते हा माणूस माझा नाही. "तुमच्याकडं तर लय असतील, साहेब."

"फोटो मी देतो," हे म्हणाले. "पाहिजे तेवढे देतो."

फोन ठेवल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि थोडा अभिमानही होता. मी चौतीस अधिक दहा वर्षं हा चेहरा पाहतेय, मला दोन्ही वेगवेगळं दिसतं.

मग आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो. अकरा हजार फोटो. ह्यांनी ते वर्षावार आणि विषयवार लावलेले: धुकं, शेकोटी, मळणी, गुरं, पाणवठा. बुधाभाऊ सगळ्या विषयांत होते. शेकोटीत त्यांचे दोन हात होते आणि धुरापलीकडे अर्धी हनुवटी. मळणीत डोक्यावरून ओढलेली चादर. गुरांमध्ये बैलाच्या पोटाखालून दिसणारे पाय. एका फोटोत कान फारच सुंदर आला होता, कानावरची लव मोजता येत होती. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शुक्रवारी दुपारी मी विचारलं, "ते दर वेळी तुमच्याकडे बघायचे. मी स्वतः पाहिलंय, आवाजही ऐकलाय. ते फोटो कुठे आहेत?"

ह्यांनी पुढचा फोटो उघडला.

"अहो, ते कुठे आहेत?"

"ते खराब आले होते."

"खराब म्हणजे? हलले होते?"

"नाही. कॅमेऱ्याकडे बघत होते ते."

हे दर गुरुवारी घरी येऊन, चहा घेऊन, त्या दिवशीचे फोटो तपासायचे. माणूस कॅमेऱ्याकडे बघतोय असा फोटो दिसला की पुसून टाकायचे. दहा हिवाळे पुसत होते. चौतीस वर्षांची सवय. तृप्तीला पुण्याला फोन लावला, ती कॉम्प्युटरमधलीच आहे. ती म्हणाली, बाबा, त्या कार्डांवर तुम्ही नंतर हजार वेळा फोटो काढलेत, आता काही मिळणार नाही.

"शेखर," मी म्हणाले, "शाबास."

मला त्या दिवशी ह्यांचा जेवढा राग आला तेवढा पूर्वी कधी आला नव्हता. रात्रीचा स्वयंपाक मी केला, पण वाढला नाही. मग रागारागाने स्वतःचा मोबाईल काढून पाहिला. एवढ्या वेळा गेले होते मी. माझ्याकडे चिमणाबाईंच्या चुलीचा फोटो होता, नागलीच्या भाकरीचा होता, भोपळ्याच्या वेलाचा होता. माणूस एकही नव्हता. त्यानंतर मी ह्यांना वाढलं.

ह्यांनी सात फोटो निवडून मोठे करून घेतले आणि पुढच्या गुरुवारी, नेहमीच्याच बसने, आम्ही दोघं मोहपाड्याला गेलो. बारावा शनिवारी होता.

अंगणात कोणी उभं नव्हतं. राजू आतून आला, त्याने आम्हाला बसायला घोंगडी टाकली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो स्टुडिओतला फोटो आणून दाखवला. स्टुडिओवाल्याने बुधाभाऊंचं डोकं एका निळ्या कोटावर बसवलं होतं. टाय होता. मागे बर्फाचे डोंगर होते. आधार कार्ड काढताना माणूस जसा दचकलेला असतो, तसे बुधाभाऊ दचकून बर्फात उभे होते.

"मी सांगितलं होतं त्याला, साधा सदरा लाव," राजू म्हणाला. "तो म्हणला, सगळ्यांना कोटच लावतो."

"तुझ्या मोबाईलमध्ये नाही का रे एखादा?" मी विचारलं.

राजूने मान हलवली. त्याच्या मोबाईलमध्ये मित्र होते, द्राक्षाचे घड होते, मालकाचा ट्रॅक्टर होता. बापाचाही फोटो काढून ठेवायचा असतो, हे त्याला सुचलं नव्हतं.

चिमणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ रिकामं होतं, ते मला बघवेना. हे उठून त्यांच्यासमोर गेले. बसमध्ये ह्यांनी काय बोलायचं ते ठरवलं असणार, कारण ओठ हलत होते. पण तिथे ते सगळं विसरले.

"चिमणाबाई, बुधाभाऊ माझ्याकडे बघायचे. दर वेळी बघायचे. ते फोटो मी पुसून टाकले."

"पुसले म्हंजी?"

"म्हणजे आता ते नाहीत. मला वाटलं ते चुकलेत. माझीच चूक झाली."

चिमणाबाईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, "तो तर दर बेस्तरवारी सांजच्याला सांगायचा मला. म्हणायचा, आज बरा काढला साहेबांनी. आधी माझ्या डोळ्यात बघून एक काढत्यात, मंग कामाचे काढत्यात. तुमी येणार म्हनून बुधवारी डोक्यावरनं न्हायला मला पाणी तापवाया लावायचा. थंडीचं."

हे खाली बसले. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही ह्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ह्यांनी ते पुसलं नाही. मला वाटलं आता ही बाई ह्यांना बोलणार. बोलली असती तर मी मध्ये पडणार नव्हते, तसं मी बसमध्येच ठरवलं होतं. पण चिमणाबाईंनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "काय आणलंय ते तरी दावा."

मी साती फोटो घोंगडीवर मांडले. त्यांनी ते डावीकडून एकेक बघितले. धुरातल्या हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही शेकोटी मी लावलेली." बैलाच्या फोटोला म्हणाल्या, "हा ढवळ्या, विकला." कानाचा फोटो बराच वेळ हातात धरला आणि खाली ठेवला.

शेवटचा फोटो पायवाटेचा होता. सकाळचं धुकं, उतार, आणि उताराने निघालेले बुधाभाऊ, पूर्ण पाठमोरे. कानांना फडकं गुंडाळलेलं, कमरेला मागे आकडीत कोयता अडकवलेला, एक पाय उचललेला, त्या टाचेच्या भेगा दिसत होत्या. चिमणाबाईंनी तो उचलला आणि मांडीवर घेतला.

"ह्योच लावा."

राजू पुढे झाला. "आये, यात तोंड कुठं हाय? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी पाह्यलंय त्याचं तोंड. माझ्या नजरंला पाठच हाय." त्या राजूकडे न बघता फोटोकडे बघूनच बोलत होत्या. "बाजाराला जा, शेतावर जा, बागांवर जा. पुढं तो, मागं मी. लगीन लागलं तवा बी असाच पुढं चालला, मी वाटंनं समदं हेच बघत आले. ह्यो डावा खांदा बघ, खाली हाय. नांगरानं. दुसऱ्या कुनाचा हाय का असा?"

राजूने वाकून पाहिलं. बापाचा खांदा त्याने बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिला असावा.

"ह्यो बरा काढलाय, भाऊ," चिमणाबाई ह्यांना म्हणाल्या. आजवर त्या ह्यांना साहेब म्हणायच्या.

ह्यांनी नाक ओढलं. "यात जमीन जरा तिरकी आली आहे," हे म्हणाले. "सरळ करून देतो."

मी ह्यांना चिमटा काढला, चांगला जोरात. चिमणाबाई म्हणाल्या, "आमची जमीन तिरकीच हाय."

शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. कॅमेरा ह्यांनी घरी ठेवला होता. फ्रेम घराच्या ओटीवर पाटावर उभी केली होती, समोर तांदूळ, नारळ, उदबत्ती. झेंडूचा हार पाठीवर रुळत होता. गंध कुठे लावायचं यावर पाहुण्यांत थोडी चर्चा झाली, कारण कपाळ पलीकडच्या बाजूला होतं. शेवटी राजूने काचेच्या वरच्या कडेला बोट टेकवलं. बागांवरून सगळा पाडा परत आला होता. माणसं ओळीने यायची, नमस्काराला वाकायची, वाकता वाकता थबकायची आणि मग वाकायची. सुरगाण्याकडून आलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी फ्रेम उचलून मागची बाजू पाहिली. तिथे पुठ्ठा होता. त्यांनी ती होती तशी ठेवली आणि हात जोडले.

हे एका खांबाला टेकून उभे होते. येणारा जाणारा ह्यांना विचारायचा, हा फोटो तुम्ही काढला का. हे दर वेळी "हो" म्हणायचे, एवढंच. ह्यांना एवढं कमी बोलताना पाहून मला बरं वाटलं नाही. मी जाऊन शेजारी उभी राहिले.

सगळ्यांचं झाल्यावर चिमणाबाईंना बसायला राजूने फोटोला लागूनच गोणपाट अंथरलं. त्या आल्या, फोटोवर दोन फुलं वाहिली, मग वाकून ते गोणपाट उचललं आणि चार पावलं मागे नेऊन टाकलं.

"आये, एवढ्या लांब कशाला?" राजूने विचारलं.

"एवढंच असायचं," त्या म्हणाल्या आणि फोटोकडे तोंड करून बसल्या.